तारेचा जामीन : मोटारीच्या फ्यूजपेटीतून नवी जोडणी

मोटार विकत घेताना कारखान्याने जे दिले असेल तेवढ्यावर समाधान मानणारा मालक आता विरळा. पुढील काचेमागे रस्त्याचे अखंड चित्रण करणारा डॅशकॅम, एकाच वेळी दोन-तीन मोबाइल भरणारा चार्जर, गाडी मागे घेताना उपयोगी पडणारा कॅमेरा, पायांपाशी मंद उजेड पाडणारी एलईडी पट्टी, घाटातल्या धुक्यासाठी जादा दिव्यांची जोडी, अशी ही यादी वर्षागणिक वाढत जाते; आणि या सर्वांना वीज पुरविण्यासाठी कारखान्याने उघडपणे ठेवलेली जागा मात्र बहुधा एकच असते, ती म्हणजे गिअरच्या दांड्यासमोरचा तो गोल सॉकेट, ज्याची मूळ योजना सिगारेट पेटविण्यासाठी झाली होती आणि ज्यातून आता विडी-काडीशी काडीचाही संबंध नसलेली माणसे आपले मोबाइल भरून घेतात. त्या एका सॉकेटात जोडावर जोड लावून तारांचे जाळे समोर लोंबकळत ठेवणे हे दिसावयास ओंगळ आणि चालकाच्या हातापायांस अडथळा आणणारे असल्यामुळे, नव्या उपकरणाला वीज द्यावयाची ती कोठून आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न प्रत्येक हौशी मालकापुढे केव्हा ना केव्हा येतोच.

या प्रश्नाची उत्तरे तीन. बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढून आणणे हे पहिले. ते भारी उपकरणांसाठी योग्य आहे, परंतु एवढ्याशा कॅमेऱ्यासाठी इंजिनखोलीतून भिंत भेदून तार आत आणण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. डॅशबोर्डखालून जाणाऱ्या मूळ वायरिंगपैकी हाताला लागेल ती तार सोलून तिला नवी तार पिळून बसविणे आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळणे हे दुसरे. ते सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद, आणि म्हणूनच ॲक्सेसरीच्या दुकानांतून सर्वांत रूढ आहे, तथापि त्याची किंमत पुढे कधीतरी, बहुधा भर पावसात आणि भलत्याच ठिकाणी, चुकवावी लागते. तिसरे उत्तर फ्यूजपेटीतून रीतसर नवी शाखा काढण्याचे. ते पहिल्याइतके कष्टाचे नाही आणि दुसऱ्याइतके बेजबाबदार नाही. मात्र ते नीट अमलात आणावयाचे तर फ्यूज हा पदार्थ नेमका कोणाच्या रक्षणासाठी तैनात केलेला असतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

आजच्या मोटारीत बहुधा दोन फ्यूजपेट्या असतात. एक इंजिनखोलीत, बॅटरीच्या शेजारी. तिच्यात मोठमोठे फ्यूज आणि रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या हुकुमावर मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे स्विच, बसविलेले असतात. दुसरी केबिनमध्ये; आपल्याकडच्या उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या गाड्यांत ती बहुतेक वेळा चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, एका लहानशा झाकणामागे दडलेली असते. झाकण उघडताच रंगीबेरंगी प्लास्टिकच्या चपट्या वड्यांच्या रांगा दिसतात, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस अथवा गाडीच्या पुस्तिकेत त्यांचा नकाशा छापलेला असतो. रंग हा केवळ शोभेचा मामला नव्हे. जांभळा ३ अँपिअरचा, बदामी ५ चा, तपकिरी साडेसातचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा आणि हिरवा ३० चा, असा हा शिरस्ता जगभरच्या उत्पादकांनी मान्य केलेला असल्यामुळे, पुण्याच्या गॅरेजातील वायरमन आणि जर्मनीतील अभियंता या दोघांनाही त्या वडीकडे पाहताक्षणी एकच अर्थबोध होतो.

फ्यूजची कल्पना मोटारीहून जुनी आहे. तारायंत्राच्या कचेऱ्यांचा विजेच्या आघातापासून बचाव करण्यासाठी वाहिनीचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा, अशी सूचना फ्रान्समधील ब्रेगे याने १८४७ मध्ये केली होती. पुढे घरोघरी वीज पोहोचविण्याच्या आपल्या योजनेचा भाग म्हणून एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचे पेटंट मिळविले. मोटारीत मात्र हा बंदोबस्त हळूहळू आला. ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत काचेच्या नळीतले अगदी मोजके फ्यूज असत आणि एकेका फ्यूजवर निम्म्या गाडीचा भार असे. युरोपीय वळणाच्या गाड्यांत चिनीमातीच्या अंगावर धातूची पट्टी बसविलेले टोकदार फ्यूज असत, ज्यांची टोके गंजली की सैल होत आणि दिवे लुकलुकू लागत. दोन चपट्या पायांचा, खोबणीत घट्ट बसणारा आजचा फ्यूज १९७६ च्या सुमारास अमेरिकेत अवतरला आणि दोन दशकांच्या आत त्याने जुन्या साऱ्या प्रकारांना निवृत्त केले. गाडीतली उपकरणे जसजशी वाढली आणि जागा जसजशी कमी पडू लागली तसतसा हा फ्यूजही आकसत गेला. मूळ मापाचा फ्यूज १९ मिलिमीटर रुंद असे, त्यानंतरचा ‘मिनी’ सुमारे ११ मिलिमीटरचा, तर ‘मायक्रो’ जातीचा त्याहूनही अरुंद झाला. नवी जोडणी करू इच्छिणाऱ्याने हे माप आधी पाहून घेतले नाही तर दुकानातून आणलेला जोड खोबणीत बसतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती खरी नाही. डॅशकॅममध्ये बिघाड झाला की फ्यूज उडतो हे खरे. पण तोपर्यंत डॅशकॅमचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. फ्यूज उभा असतो तो तारेच्या बाजूने. गाव-खेड्यात कर्जदाराला जामीन राहणारा शहाणा माणूस जसा कर्जदाराची ऐपत पाहूनच आकडा लिहून देतो, तसा फ्यूजचा आकडा हा त्याच्या पुढील तार किती प्रवाह बेलाशक पेलू शकेल हे पाहून ठरविलेला असतो. मोटारीची बॅटरी दिसावयास लहान, परंतु स्टार्टर फिरविताना ती शे-दोनशे अँपिअर प्रवाह सहज देते; कोठे एखादी तार सोलून गाडीच्या लोखंडी अंगाला टेकली, तर हा सारा प्रवाह त्या बारीकशा तारेतून धावत सुटतो. सामान्य पीव्हीसी आवरण ७० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असते. त्यापलीकडे ते मऊ पडते, मग वितळते, मग शेजारच्या तारांनाही आपल्यासोबत घेऊन जाते. हा अनर्थ घडण्यापूर्वी मार्गातला सर्वांत दुर्बल तुकडा ठरल्या जागी, प्लास्टिकच्या कवचात, कोणालाही तोशीस न लावता वितळून जावा एवढ्याचसाठी त्या वडीत बहुधा जस्ताची एक वळणदार पट्टी घातलेली असते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, तांब्याला मात्र हजाराच्याही पुढे जावे लागते.

फ्यूज त्याच्यावरील आकडा ओलांडताक्षणी उडतो, हीसुद्धा अशीच एक ढोबळ समजूत. प्रमाणित फ्यूजने आपल्या आकड्याच्या ११० टक्के प्रवाह शंभर तास निमूटपणे वाहावा, १३५ टक्के झाला तर दहा मिनिटांच्या आत वितळावे, आणि दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत, अशी त्याची घडण असते. सुरू होताना क्षणभर जादा प्रवाह ओढणाऱ्या मोटरी आणि दिवे यांना त्यामुळे मुभा मिळते. पण त्याचबरोबर, १० अँपिअरच्या फ्यूजमधून सतत साडेनऊ अँपिअर ओढीत राहणे हेही शहाणपणाचे नाही, हे ध्यानात येते. अखंड चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशापलीकडे नेऊ नये, असा जाणकारांचा दंडक आहे. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० च्या जागी २० चा बसविणाऱ्यास तर एकच हिशेब ऐकवावा : प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि तार मात्र होती तेवढीच जाड राहते.

एवढे पटले की नव्या जोडणीचा पहिला नियम आपोआप हाती येतो : प्रत्येक नव्या शाखेचा फ्यूज स्वतंत्र असावा, आणि तो शाखा जेथून फुटते तेथेच असावा. पुष्कळ ठिकाणी चालणारी वहिवाट याच्या नेमकी उलट आहे. कारागीर फ्यूज उपसतो, नव्या तारेचे टोक इंचभर सोलतो, त्यातील तांब्याचे तंतू फ्यूजच्या एका पायाभोवती गुंडाळतो, आणि तो फ्यूज अंगठ्याने दाबून पुन्हा खोबणीत ठोकतो. काम दोन मिनिटांत होते आणि कॅमेराही सुरू होतो. परंतु त्या तंतूंच्या जाडीमुळे खोबणीतील पितळी जबडे फाकतात, ते पुन्हा पूर्ववत मिटत नाहीत, आणि पुढे तारा काढून टाकल्या तरी मूळ फ्यूज तेथे सैल राहून तापू लागतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, फ्यूजच्या दोन पायांपैकी एक बॅटरीकडचा आणि दुसरा उपकरणाकडचा असतो. तार उपकरणाकडच्या पायाला गुंडाळली गेली, तर निदान जुना फ्यूज तरी तिच्यावर लक्ष ठेवतो. बॅटरीकडच्या पायाला गुंडाळली गेली, तर तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये इंजिनखोलीतल्या मोठ्या मुख्य फ्यूजखेरीज कोणीच उरत नाही, आणि त्या मुख्य फ्यूजला जाग येईपर्यंत केसाएवढी तार निखारा झालेली असते. दोन पायांपैकी कोणता कोणाकडचा, याची चौकशी ती गुंडाळणारा क्वचितच करतो.

या अव्यवस्थेवरचा सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे ज्याला बाजारात फ्यूज टॅप म्हणतात तो जोड. त्याचे पाय फ्यूजसारखेच असतात, डोक्यावर मात्र दोन फ्यूजांसाठी दोन खोबणी असतात, आणि बाजूने एक तार बाहेर आलेली असते. मूळ फ्यूज उपसावयाचा, त्या जागी हा जोड बसवावयाचा, पायांलगतच्या खोबणीत उपसलेला मूळ फ्यूज घालावयाचा, आणि दुसऱ्या खोबणीत नव्या शाखेसाठी बेताचा फ्यूज घालून बाहेरच्या तारेला उपकरण जोडावयाचे. मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. गाडी विकताना जोड उपसला की सर्व काही जैसे थे.

तथापि येथेही दिशेचा प्रश्न आहेच, आणि तोच बहुतेकांकडून दुर्लक्षिला जातो. जोडाच्या दोन पायांपैकी एकच पाय दोन्ही खोबणींना सामाईक असतो. तो बॅटरीकडच्या जबड्यात बसला तर आलेला प्रवाह तेथेच दुभागतो : जुना भार जुन्या फ्यूजमधून, नवा भार नव्या फ्यूजमधून, कोणाचा कोणावर बोजा नाही. उलट बसला तर नव्या उपकरणाचा प्रवाह आधी जुन्या फ्यूजमधून आणि मग नव्यातून जातो. उपकरण चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही, परंतु जुन्या फ्यूजच्या माथी दोघांचा भार येतो आणि एके दिवशी तो अकारण उडाल्यासारखा उडतो. दिशा ओळखण्यासाठी टेस्ट लॅम्प पुरतो. त्याची चिमटी गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडी बोल्टला लावावी, फ्यूज उपसलेला असताना किल्ली ऑनवर न्यावी, आणि टोकदार सळईने रिकाम्या खोबणीतले दोन जबडे एकामागून एक हलकेच स्पर्शावेत. ज्या जबड्याला स्पर्श करताच दिवा लागतो तो बॅटरीकडचा. जोडाचा सामाईक पाय तेथे गेला पाहिजे. जोडाची ठेवण अशी असते की तो उलटसुलट दोन्ही प्रकारे आत शिरतो. म्हणूनच ही परीक्षा टाळता येत नाही.

आता जोडणी कोणत्या खोबणीतून करावी? मोटारीतील वीज तीन प्रकारची असते असे म्हणावयास हरकत नाही. काही खोबणींत ती अहोरात्र असते, किल्ली खिशात असली तरी. जर्मन क्रमांकपद्धतीत हिला ३० हा क्रमांक आहे, आणि धोक्याचे दिवे, दारांची कुलुपे, छताचा दिवा हे हिच्यावर चालतात. काहींत ती किल्ली ‘ऑन’वर गेली की येते, तिचा क्रमांक १५. आणि काहींत ती किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे रेडिओ आणि चार्जरच्या सॉकेटपुरती सुरू होते. गाडी चालू असतानाच लागणाऱ्या उपकरणासाठी हा शेवटचा प्रकार सर्वांत सोयीचा. इंजिन सुरू करताना गाडी त्याची वीज क्षणभर तोडते, त्यामुळे नाजूक उपकरण त्या झटक्यापासूनही वाचते. सॉकेट, रेडिओ, मागच्या काचेचा वायपर यांसारख्या, बंद पडल्या तरी प्रवास न थांबविणाऱ्या सोयींच्या खोबणीच निवडाव्यात. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा संगणक, इंधनपंप, सुकाणूची विद्युत मोटर आणि चोरीप्रतिबंधक यंत्रणा यांच्या फ्यूजांना मात्र हात लावू नये. एअरबॅगच्या वाटेस तर टेस्ट लॅम्पची सळईही नेऊ नये, कारण तो दिवा जो थोडासा प्रवाह ओढतो तेवढाही त्या यंत्रणेत अनाहूत ठरू शकतो.

जागा ठरली की जमाखर्च मांडावा. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टांच्या किंचित वर असते आणि इंजिन चालू असता हा दाब १४ च्या आसपास जातो, परंतु हिशेबासाठी १२ धरणे सुरक्षित. डॅशकॅम ५ ते १० वॉटचा, म्हणजे एक अँपिअरही धड नाही. त्याला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला. ४५ वॉटचा जलद चार्जर घट धरून चार अँपिअर ओढतो. त्याला साडेसातचा द्यावा. तारेची जाडी या फ्यूजहून कमी पडता कामा नये : पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेवर साडेसातपर्यंत, एक चौरस मिलिमीटरवर १० पर्यंत, दीडवर १५ पर्यंतचा फ्यूज, हे सावध प्रमाण होय. जोडाची स्वतःची तारही बहुधा १० अँपिअरपुरतीच बनविलेली असते, आणि ज्या रिलेतून अथवा किल्लीच्या ज्या स्पर्शकातून त्या साऱ्या रांगेला वीज येते त्यांची ऐपतही अमर्याद नसते; दोन्ही शाखांचे फ्यूज सुरक्षित राहिले तरी मागचा सामाईक मार्ग त्या दोघांची बेरीज वाहतो, हे विसरू नये.

यावरूनच फ्यूजपेटीची हद्द कोठे संपते हे कळते. ५५ वॉटच्या दोन हॅलोजन दिव्यांना ११० वॉट, म्हणजे नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो. टायरमध्ये हवा भरणारा पंप आठ ते पंधरा अँपिअर मागतो. संगीताचा मोठा ॲम्प्लिफायर याहूनही पुढे. यांना केबिनच्या पेटीतून वीज देणे म्हणजे त्या पेटीवर अन्याय करणे होय. तेथे रिले हवा. इंजिनखोलीत बॅटरीपाशी स्वतंत्र फ्यूज बसवून जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला द्यावी, ८७ क्रमांकाच्या टोकातून ती दिव्यांकडे न्यावी, आणि ८५ व ८६ या टोकांमधल्या वेटोळ्याला तेवढा आतल्या फ्यूजपेटीतून, स्विचमार्गे, हुकूम पाठवावा. हे वेटोळे जेमतेम दीड-दोन दशांश अँपिअर घेते. भारी प्रवाह केबिनमध्ये येतच नाही. त्यात दिव्यांचाही लाभ आहे : एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तारेतून १० अँपिअर नेले तर पाऊण व्होल्टाच्या जवळपास दाब वाटेतच खर्ची पडतो, आणि एवढ्यानेही हॅलोजनचा उजेड डोळ्यांना जाणवण्याइतका पिवळा पडतो. जाड तार आणि जवळची वाट यांनी तो वाचतो.

प्रवाह गेला तसा तो परतलाही पाहिजे. मोटारीचे सारे लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेले असते, आणि परतीची वाट तीच. कारागिरांच्या भाषेत हे बॉडी अर्थ. उपकरणाची काळी तार रिंग लावून एखाद्या पक्क्या बोल्टखाली कसावी. रंगावर कसलेली रिंग नावालाच जोडलेली असते, यास्तव खालचा रंग खरवडून धातू उघडा करावा, आणि कोकणासारख्या दमट मुलुखात त्यावर किंचित ग्रीसही लावावे. एअरबॅगच्या अर्थिंगचा बोल्ट मात्र या कामी वापरू नये. डॅशकॅमची तार छताच्या कडेने आणि काचेशेजारच्या खांबाच्या आवरणाखालून खाली आणावयाची असते. ज्या गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग तेथे गुंडाळून ठेवलेली असते, तेथे तार तिच्यावरून आडवी गेली तर प्रसंगी तिच्या उघडण्यात अडथळा येतो अथवा तीच तार चालकाच्या तोंडावर फेकली जाते. म्हणून ती पिशवीच्या पाठीमागून, मूळ वायरिंगला बांधून न्यावी. पेडलांच्या दांड्यांपासून ती दूर ठेवावी, आणि जोड पिळून न ठेवता दाबकात्रीने दाबलेल्या टर्मिनलने करावेत, हे सांगणे न लगे.

गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवण्याचा मोह हल्ली पुष्कळांना होतो, आणि त्यासाठी अहोरात्र वीज असलेल्या खोबणीतून दुसरी तार काढली जाते. येथे हिशेब कठोर आहे. कॅमेरा तीन दशांश अँपिअर घेत असेल तर दिवसाकाठी सात अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर तीन दिवस न हलविलेल्या गाडीच्या खजिन्यातले निम्म्याहून अधिक भांडवल संपलेले असते. शिवाय इंजिन सुरू करण्यासाठी बनविलेली शिशाची बॅटरी अशा खोल उपशाने लवकर निकामी होते. म्हणूनच या जोडणीच्या संचात ठराविक दाबाखाली वीज तोडणारी तजवीज असावी आणि ती १२.२ व्होल्टांच्या खाली ठेवू नये, कारण तेवढ्या दाबाला बॅटरी आधीच निम्मी रिती झालेली असते. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर गावी जाणाऱ्याने तर तो फ्यूजच उपसून ठेवावा.

अगदी नव्या गाड्यांच्या बाबतीत आणखी सावधगिरी आवश्यक आहे. त्यांतील नियंत्रक संगणक दिव्यांकडे जाणारा प्रवाह स्वतः मोजतो, किल्ली काढल्यावरही काही मिनिटे जागा राहतो, आणि एखाद्या शाखेत अनपेक्षित भार दिसला की डॅशबोर्डवर इशारा देतो. दिव्यांच्या शाखांतून वीज घेणे तेथे म्हणूनच टाळावे. किल्ली काढल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा टेस्टर लावून पाहिल्याशिवाय अमुक खोबणी खरोखर बंद होते असे मानू नये. मूळ वायरिंग कापल्यास त्या भागावरची हमी नाकारण्यास कंपनीला सबब मिळते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर नोंदणीपत्रकातील तपशील बदलेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मना केला आहे, आणि निरनिराळे सूर काढणारे कर्णे १९८९ च्या केंद्रीय नियमांनी निषिद्ध ठरविले आहेत. फ्यूज कितीही बिनचूक बसविला तरी असा कर्णा कायदेशीर होत नाही.

हे सर्व काम प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावे असा आग्रह नाही. ज्याला टेस्ट लॅम्प हाती धरण्याची सवय नाही त्याने ते जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. परंतु गाडी ताब्यात घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : नव्या तारेचा फ्यूज कोठे बसविला, आणि तो किती अँपिअरचा? उत्तर मिळाले नाही, अथवा ‘त्याची गरज नसते, साहेब’ असे मिळाले, तर ती जोडणी पुन्हा करवून घ्यावी. आणि मिळाले, तर ते उत्तर एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावे : खोबणीचा क्रमांक, दोन्ही फ्यूजांचे आकडे, उपकरणाचे नाव आणि तारीख. पुढे जो कोणी ते झाकण उघडेल त्याचे काम त्या चार ओळींनी निम्मे होईल.